मुलांसाठी बोर्ड गेम निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलं घरीच शिकतात म्हटलं की लोक दोन गोष्टी हमखास विचारतात: त्यांना मित्र आहेत का, आणि कपाटात एवढे खेळ कशाला. पहिल्याचं उत्तर इथे नाही. दुसऱ्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते खाली आहेत. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनाही बहुतेक उत्तरं जशीच्या तशी लागू पडतील.

खोक्यावर 'शैक्षणिक' लिहिलेलं असेल तरच घ्यायचं का?

नाही. उलट तो शब्द मोठ्या अक्षरांत दिसला की मी जरा सावध होते. अशा खोक्यात बऱ्याचदा एक पट, एक फासा आणि प्रश्नांच्या पत्त्यांचा गठ्ठा निघतो. फासा टाका, पत्ता उचला, सात आठे किती ते सांगा, बरोबर आलं तर तीन घरं पुढे. हा खेळ कसला, तोंडी परीक्षा आहे. शर्करावगुंठित गोळी, आणि साखरेचा थर इतका पातळ की मुलांना कडू चव पहिल्या दोन मिनिटांतच लागते. शिवाय ज्याला पाढे येतात तोच पुढे पळतो. ज्याला सरावाची खरी गरज आहे तो मागे बसून हिरमुसतो.

एक कसोटी लावून बघा. पत्त्यांवरचे पाढे काढून तिथे देशांच्या राजधान्या टाकल्या तर खेळ तसाच्या तसा चालेल का? चालत असेल तर गणित त्या खेळात नाहीच, वरून चिकटवलंय.

मग कुठला खेळ काय शिकवतो हे ओळखायचं कसं?

आपली पाळी आली की मुलाला नेमका कशाचा निर्णय घ्यावा लागतो, एवढंच बघायचं. ज्याचा निर्णय वारंवार घ्यावा लागतो तेच डोक्यात मुरतं. खोक्यावरचं चित्र, विषय, रंगीत सोंगट्या हे सगळं त्यानंतर.

'कँडी लँड' हा १९४९ साली बाजारात आलेला अमेरिकन खेळ घ्या. एलेनॉर अ‍ॅबट या शिक्षिकेने पोलिओच्या आजारपणात, तशाच आजारी मुलांसाठी तो तयार केला. त्यात खेळणाऱ्याला एकही निर्णय घ्यावा लागत नाही. पत्ते पिसून झाले की कोण जिंकणार ते ठरलेलं असतं. रंग ओळखणं आणि पाळीची वाट बघणं एवढं तो शिकवतो. तीन वर्षांच्या मुलाला तेवढं पुष्कळ झालं, सहाव्या वर्षी मात्र ते फार कमी पडतं.

आता 'टिकट टू राइड' बघा. पाळी आली की तीनपैकी एकच करता येतं: पत्ते घ्या, रेल्वेमार्ग बांधा किंवा नवी तिकिटं (कुठून कुठवर मार्ग जोडायचा ते सांगणारे पत्ते) उचला. एक डब्याच्या मार्गाला १ गुण, दोनला २, तीनला ४, चारला ७, पाचला १० आणि सहाला १५. म्हणजे तीन-तीन डब्यांचे दोन मार्ग बांधले तर ८ आणि सहाचा एकच बांधला तर १५. पण सहा पत्ते जमवीपर्यंत दुसऱ्याने तो मार्ग पळवला तर? आठ-नऊ वर्षांचं मूल हे सगळं मनात तोलत बसतं, आणि त्याला कोणी 'गणित कर' म्हटलेलं नसतं.

उलटं उदाहरण 'मोनोपॉली'चं. तिचा मूळ खेळ एलिझाबेथ मॅगी यांनी केला आणि १९०४ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. मूठभरांच्या हाती जमीन गेली की बाकीचे कसे कंगाल होतात हे लोकांना दिसावं, हा त्यामागचा हेतू. पुढे १९३५ पासून जो अवतार जगभर खपला त्यात दुसऱ्याला कंगाल करण्याची मजा तेवढी उरली. हेतू कितीही थोर असो, मुलं शिकतात ते पाळीत जे करायला मिळतं त्यातून.

खोक्यावरचं वय किती गांभीर्याने घ्यायचं?

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी असलेला इशारा अगदी शब्दशः पाळा. तो बुद्धीचा प्रश्न नसून गळ्यात तुकडा अडकण्याचा आहे. तपासणीसाठी सुमारे ३.२ सेंमी व्यासाची एक छोटी नळी वापरतात. तीत जो तुकडा पूर्ण मावतो तो या वयासाठी धोक्याचा धरतात. लहान लोहचुंबक आणि बटणासारख्या बॅटऱ्या तर थोरल्यांच्या खेळातल्याही धाकट्याच्या हाती लागू देऊ नका.

त्यापुढचे आकडे अंदाजाचे समजा. रोज खेळणारी मुलं खोक्यावरच्या वयाच्या दोन वर्षं पुढेही सहज जातात. वयापेक्षा तीन प्रश्न कामाचे: वाचावं किती लागतं, हातातले पत्ते लपवून धरावे लागतात का, आणि एक डाव किती वेळ चालतो. चौथं वरीस लागलेल्या मुलाला पंधरा मिनिटांपलीकडे बसवू नका, खेळ कितीही सोपा असला तरी.

अगदी सुरुवात कशाने करावी?

ज्यात सगळे मिळून खेळतात अशा खेळाने. 'ऑर्चर्ड' हा १९८६ पासूनचा जर्मन खेळ याचा उत्तम नमुना: सगळ्यांनी मिळून फळं गोळा करायची, कावळा बागेत पोचायच्या आत. त्याची छोटी आवृत्ती दोन वर्षांच्या मुलांनाही जमते. जोडीला रचण्याचा एखादा खेळ घ्या. 'अ‍ॅनिमल अपॉन अ‍ॅनिमल'मध्ये लाकडी प्राणी एकावर एक चढवायचे असतात. मेंढीवर पेंग्विन ठेवताना जीभ बाहेर काढून श्वास रोखणारं पोर बघितलं की हाताचं वळण वेगळं शिकवायला नको हे पटतं. आणि साधे जोड्या लावायचे पत्ते. यात तुम्ही हराल, मनापासून खेळलात तरी.

सापशिडी म्हणजे निव्वळ नशीब. तिचा काही उपयोग आहे का?

आहे, आणि तो तुम्ही कसे खेळता यावर आहे. गीता रमाणी आणि रॉबर्ट सिगलर या संशोधकांनी २००८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गरीब घरांतल्या, बालवाडीच्या वयाच्या मुलांना त्यांनी सरळ रेषेत १ ते १० आकडे असलेल्या पटावर खेळवलं. पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, दोन आठवड्यांत. त्या मुलांची आकड्यांची जाण वाढली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकली. ज्या मुलांनी आकड्यांऐवजी नुसत्या रंगांच्या पटावर तोच खेळ खेळला त्यांना हा फायदा झाला नाही. पुढे त्यांनी गोल पटही वापरून बघितला. सरळ रेषेच्या पटाचा परिणाम गोल पटाने साधला नाही.

यातली मेख मोजण्यात आहे. मूल २६ वर उभं आहे आणि चाराचं दान पडलं. बहुतेक मुलं सोंगटी ठोकत 'एक, दोन, तीन, चार' म्हणतात. त्याऐवजी घरावरचे आकडे म्हणायला लावा: 'सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.' शंभर घरांच्या पटावर नंतर झालेल्या अभ्यासात हाच फरक महत्त्वाचा ठरला.

मराठीत मोजणाऱ्या मुलांना तर हे दुप्पट उपयोगी आहे. आपले आकडे लबाड. एकोणतीस ऐकायला तिशीतला, लिहायला विशीतला. 'पंचवीस' ऐकून ५२ लिहिणारी मुलं तुम्हीही पाहिली असतील. सापशिडीच्या पटावर मूल एकोणतीस म्हणतं तेव्हा बोटाखाली २९ दिसत असतो आणि पुढच्याच घरात ३०. एकोण म्हणजे काय, हे मी समजावून सांगितलेलं आठवत नाही. ते पटावरच कळलं.

गणितासाठी आणखी कोणते?

इथे निवड करणं जड जातं, इतके चांगले खेळ आहेत. माझा सगळ्यात आवडता 'हेअर अँड टॉर्टस', ससा-कासवाची शर्यत. १९७९ मध्ये जर्मनीतला 'श्पील देस यारेस' म्हणजे वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिला मान याच खेळाला मिळाला. यात फासा नाही. पुढे जायला गाजरं मोजावी लागतात: एक घर जायला १ गाजर, दोन घरं जायला ३, तीनला ६, चारला १०. पाचला किती? आमच्याकडे मुलाने पहिल्या डावात तक्ता बघून बघून गाजरं भरली. तिसऱ्या डावात तक्ता हातातून ठेवला आणि बोटांवर 'दहा आणि पाच पंधरा' करून मोकळा झाला. आणि शेवटच्या रेषेशी हातात जास्त गाजरं उरलेली चालत नाहीत, त्यामुळे नुसता साठा करून भागत नाही.

संख्या कशाकशाच्या गुणाकारातून बनते हे दाखवायला 'प्राइम क्लाइम्ब' आहे. २ चा रंग नारिंगी, ३ चा हिरवा. मग ६ चं वर्तुळ अर्धं नारिंगी, अर्धं हिरवं. पट नुसता समोर ठेवून रंगांचं कोडं सोडवा म्हटलं तरी एक दुपार जाते.

संभाव्यता शिकवायची असेल तर 'कटान'. पटावरच्या ज्या आकड्याचं दान पडतं त्याच्या शेजारच्या वस्तीला माल मिळतो. दोन फाशांची ३६ दानं. त्यात ७ सहा प्रकारे पडतो, ६ आणि ८ पाच-पाच प्रकारे, २ आणि १२ एकेकच प्रकारे. वस्ती कुठे वसवायची हे त्यावरूनच ठरतं. आकड्यांखाली तेवढे ठिपकेही छापलेले असतात, पण ते कशाचे हे आधी सांगू नका. बारावर घर बांधून अर्धा तास उपाशी बसलेला भिडू आपणच विचारतो.

तर्कासाठी 'मास्टरमाइंड', ज्यात दुसऱ्याने लपवलेला रंगांचा क्रम ओळखायचा असतो: सहा रंग, चार जागा, १,२९६ शक्यता. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की जास्तीत जास्त पाच प्रयत्नांत उत्तर काढता येतंच. 'सेट'च्या ८१ पत्त्यांत नुसती नजर आणि वर्गीकरण आहे. आकारांसाठी 'ब्लोकस', ज्यात आपल्या रंगाचे तुकडे फक्त कोपऱ्यांनी एकमेकांना भिडू शकतात. आणि काहीच घ्यायचं नसेल तर घरातला पत्त्यांचा एक जोड. खरं तर आधी तोच घ्या.

भाषेसाठी, तेही मराठीसाठी?

ज्यात छापील मजकूर नाही असे खेळ शोधा, म्हणजे भाषा आपली घालता येते. 'डिक्सिट' ही ज्याँ-लुई रूबिरा या बालमानसोपचारतज्ज्ञाची निर्मिती. चित्राला सूचक शब्द द्यायचा, पण इतकाही सरळ नको की सगळ्यांना कळेल आणि इतकाही गूढ नको की कोणालाच कळणार नाही. म्हणी आणि वाक्प्रचार वापरायला याहून चांगली सबब सापडणार नाही. 'रोरीज स्टोरी क्यूब्ज'चे नऊ चित्रफासेही तसेच, गोष्टी रचायला.

'स्क्रॅबल'चं मराठीकरण मात्र वाटतं तितकं सोपं नाही. 'मी' ही एक चकती की म आणि वेलांटी अशा दोन? जोडाक्षराचं काय करायचं? यावर घरातच वाद घाला, फार मजा येते. अल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून कुठलं इंग्रजी अक्षर किती वेळा ठेवायचं ते ठरवलं होतं. तसंच मुलांना एखादं मराठी पान द्या आणि कुठलं अक्षर किती वेळा येतं याच्या रेघा मारायला लावा. मग पुठ्ठ्याच्या चकत्या त्या हिशोबाने कापा. भाषा, मोजणी आणि हस्तकला, सगळं एका आठवड्यात उरकतं.

इतिहास, भूगोल, विज्ञान?

जपून. विषयावरचा खेळ म्हणजे विषयाचं ज्ञान नव्हे. 'विंगस्पॅन'मध्ये १७० पक्ष्यांचे पत्ते आहेत, अधिवास आणि घरट्यांसकट. पण जिंकण्याच्या नादात मुलं पक्ष्याचं नावही वाचत नाहीत, गुण तेवढे वाचतात. खेळ संपल्यावर 'आज कुठला पक्षी आवडला' विचारलं तर वाचतात. 'पॅन्डेमिक'ची गोष्ट वेगळी. साथ शहरातून शहरात कशी पसरते आणि एका ठिकाणी दुर्लक्ष केलं की शेजारची तीन ठिकाणं कशी पेटतात, हे त्यात नियमांतूनच समजतं. नकाशाच्या ओळखीला 'टिकट टू राइड' चालेल, पण मार्गांची लांबी खेळाच्या सोयीने ठरवलेली आहे हे सांगून ठेवा.

दोन मुलांत पाच वर्षांचं अंतर आहे. एकत्र कसं खेळवायचं?

धाकट्याला कच्चं लिंबू करायची आपली जुनी पद्धत वाईट नाही, पण वर्षभरच. त्यानंतर त्याला कळतं की आपलं आउट होणं खरं नाही, आणि त्याची मजा जाते. मग त्याला कोणाच्या तरी जोडीला घ्या किंवा खरं काम द्या: फासे टाकणं, पत्ते वाटणं, पेढी सांभाळणं. ज्या खेळांत मोठ्यांना फारसा फायदा मिळत नाही असे खेळही असतात. आठवणीचे, रचण्याचे, 'सेट'सारखे पटकन ओळखण्याचे.

हरलं की पट उधळून देतं. काय करू?

रडीचा डाव खडी म्हणून चिडवू नका, एवढं आधी. काही महिने मिळून खेळायचे खेळ आणि पंधरा मिनिटांत संपणारे खेळ ठेवा. लगेच दुसरा डाव मांडता आला की हरणं हलकं होतं. दीड तास खेळून शेवटी कंगाल व्हायचं, हे कित्येक मोठ्यांनाही झेपत नाही.

मिळून खेळण्यात एक खोट आहे. घरातलं सगळ्यात हुशार माणूस, बहुधा आपणच, सगळ्यांच्या चाली ठरवायला लागतं. 'हनाबी'त हे होऊ शकत नाही, कारण आपले पत्ते आपल्यालाच दिसत नाहीत. उलटे धरायचे असतात. एरवी मी माझी पाळी येईपर्यंत तोंडावर हात ठेवून बसते. अक्षरशः.

मुद्दाम हरावं का?

मुलांना कळतं. त्यापेक्षा सुरुवातीलाच उघडपणे ओझं घ्या: बुद्धिबळात वजीर काढून बसा, किंवा मुलाला वीस गुण आधी द्या. मग जीव तोडून खेळा. दर महिन्याला ते गुण कमी करायचे आणि कमी करायला मुलालाच सांगायचं.

एकुलतं एक मूल आहे, दर वेळी मला बसायला वेळ नसतो.

'रश अवर'सारखी एकट्याने सोडवायची कोडी घ्या. चढत्या काठिण्याचे चाळीस डाव असतात त्यात. पण खेळ म्हणजे माणसं. आठवड्यातून दोन दिवस, ठरलेल्या वेळी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाऊण तास बसलात तरी पुरे.

होमस्कूलिंगच्या दिवसात खेळ कुठे बसवायचा? नोंद काय ठेवायची?

बक्षीस म्हणून ठेवू नका. 'अभ्यास संपव, मग खेळू' म्हटलं की अभ्यास म्हणजे शिक्षा हे आपणच शिकवतो. आमच्याकडे सकाळी पहिला तास खेळाचा असतो, कारण तेव्हा डोकं ताजं असतं.

नोंदीसाठी एक साधी वही पुरते. तारीख, खेळ, भिडू आणि गुण. बेरीज मुलाच्या अक्षरात, खाडाखोडीसकट. खाली एक ओळ: 'आज काय वेगळं करून बघितलं?' सहा महिन्यांनी ती वही चाळली की एकेरी बेरजांवरून तीन आकडी बेरजांपर्यंतचा प्रवास तारखेसह समोर असतो. कोणाला प्रगती दाखवायची वेळ आली तर ही वही छापील गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलते. मात्र खेळ संपल्या संपल्या 'यातून तू काय शिकलास?' असं विचारू नका. पुढच्या वेळी कोणी खेळायला येणार नाही.

एक प्रामाणिक कबुली: खेळांनी सगळं होत नाही. उभा भागाकार आम्हाला शेवटी वहीतच करावा लागला.

नियम वाचायचा कंटाळा येतो.

सगळ्यांनाच येतो. आदल्या रात्री एकटीने पट मांडून दोन्ही बाजूंनी दहा मिनिटं खेळून बघा. मुलांना आधी 'जिंकायचं कसं' ते सांगा, मग 'पाळी आली की काय करायचं'. बाकीचे अपवाद ते येतील तेव्हा. दहा वर्षांवरच्या मुलाला नियमपुस्तिका वाचून आपल्याला शिकवायला सांगा. समजून वाचण्याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

घरचे नियम करायला हरकत नाही, पण मूळ नियम एकदा वाचा. 'मोनोपॉली'त कोणी जागा विकत घेतली नाही तर तिचा तिथेच लिलाव करायचा असतो. बहुतेक घरांत हे कोणालाच माहीत नसतं, आणि मग खेळ लांबतो म्हणून तक्रार.

घेण्याआधी पारखायचं कसं? किती असावेत?

बहुतेक प्रकाशक नियमपुस्तिका आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवतात. ती वाचा. 'बोर्डगेमगीक' या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाची अवघडता १ ते ५ अशी दिलेली असते आणि किती भिडूंत तो खरा रंगतो तेही. खोक्यावर '२ ते ६' असलं तरी दोघांत रटाळ होणारे खेळ पुष्कळ. वर सांगितलेल्या जर्मन पुरस्काराची चिन्हंही कामाची: लाल कुटुंबासाठी, निळं लहान मुलांसाठी (२००१ पासून), गडद राखाडी सरावलेल्यांसाठी (२०११ पासून).

मूल रंगांधळं असेल तर रंगाबरोबर खूणही छापलेली आहे ना, ते बघून घ्या. 'टिकट टू राइड'च्या पत्त्यांवर ती असते.

संख्येचं म्हणाल तर सहा ते आठ चांगले खेळ पुरतात. खेळ पंचवीस वेळा खेळला गेला की त्यातलं खरं शिकणं सुरू होतं. आम्ही सुरुवातीला हावरटासारखे घेतले, त्यातले निम्मे वाटून टाकले.

मोबाइलवर तेच खेळ आहेत की!

आहेत, आणि प्रवासात चालतात. पण तिथे बेरीज यंत्र करतं, पत्ते यंत्र पिसतं आणि चुकीची चाल करूच देत नाही. मुलाने करायचं कामच त्यात उरत नाही.

तुकडे हरवतात.

हरवणारच. खोक्याच्या झाकणात आतल्या बाजूला काय किती आहे याची यादी चिकटवा आणि आवरताना मुलालाच मोजायला लावा. सोंगटीऐवजी बटण चालतं. आमच्या कटानमधला चोर गेली दोन वर्षं एक खोडरबर आहे.